चौदावी चिठ्ठी

शब्दकोश कचेरी, ब्लूम्सबरी, लंडन
४ फेब्रुवारी १८९७

माननीय रेव्हरंड लान्सलॉट पॉटिंजर यांस,

आपल्या चिठ्ठ्यांचं पाकीट आलं की आमच्या कचेरीत चहा लवकर होतो. कोशासाठी पुस्तकांतली वाक्यं टिपून पाठवणाऱ्या बाकीच्या वाचकांची अक्षरं लावण्यात आणि पुस्तकाचं नाव घालायला विसरलेल्यांना उलट टपाली विचारण्यात आमची सकाळ जाते. आपल्या चिठ्ठीवर मात्र डाव्या कोपऱ्यात शब्द, त्याखाली साल, पुस्तक, पान, मग वाक्य, आणि तळाशी आपल्या नावाचा तो जांभळा शिक्का. एकोणीस वर्षांत अकरा हजार आठशे छप्पन्न चिठ्ठ्या, चूक एकही नाही. आमचे मुख्य संपादक डॉक्टर मॅकअस्किल म्हणतात की दोन आहेत, पण ते स्कॉटिश असल्यामुळे निव्वळ कौतुक त्यांच्या तोंडून निघत नाही.

म्हणूनच आज एक जास्तीचं ओझं आपल्यावर टाकतो. सोबत ‘प्रॉप’ या शब्दाच्या चिठ्ठ्यांचं बोचकं आहे. शब्द रोजच्या वापरातला, म्हणजे टेकू. पण कपड्यांच्या दोरीखालची काठी, खाणीच्या छताखालचं लाकूड आणि म्हाताऱ्या आईचा आधार असलेला मुलगा, सगळेच प्रॉप. आधी हातात धरता येणारे अर्थ लावावेत, मग लाक्षणिक. प्रत्येक अर्थात जुनं वाक्य आधी. तीन आठवडे पुरेत. हे काम एका निवृत्त कर्नलसाहेबांना दिलं असतं, पण मागे त्यांनी ‘प्राइड’ या शब्दाच्या चिठ्ठ्या कागदाच्या लांबीप्रमाणे लावून पाठवल्या, उंच शिपाई मागच्या रांगेत.

आणखी दोन गोष्टी. हा खंड छापला जाईल तेव्हा प्रस्तावनेत प्रत्येक वाचकाचं नाव आणि त्याच्या चिठ्ठ्यांचा आकडा येणार आहे. आणि कचेरीत एक पगारी जागा रिकामी होते आहे. आपल्याला धर्मकार्य सोडून या म्हणण्याचं धाडस मी करणार नाही, पण आपल्या पद्धतीत कोणी तयार झालं असेल, पुरुष किंवा बाई, तर नाव अवश्य कळवा.

आपला नम्र,
हम्फ्री क्रेल, सहसंपादक

—

रेक्टरी, नेदर विकम, सॉमरसेट
९ फेब्रुवारी १८९७

प्रिय डॉर्कस,

आपली आतेबहीण युफिमिया बरी असेल. समुद्राची हवा तुला मानवली असेलच, ती सगळ्यांना मानवते.

तुझ्यावाचून इथे काही अडलेलं नाही. फक्त सोमवारी वाळत घातलेल्या कपड्यांसकट दोरी चिखलात आली. बेट्सी म्हणाली, “काठी मोडली, साहेब. मिस डॉर्कस दर हिवाळ्यात नवी तोडून आणायच्या.” मी म्हटलं, “मग तू तोडून आण.” तर म्हणते, “कुठल्या झाडाची ते त्यांनाच ठाऊक.” अशी उत्तरं देणारी मोलकरीण तू पंधरा वर्षं कशी ठेवलीस कोण जाणे. रविवारी मी पांढऱ्या झग्यावर चिखलाचा डाग घेऊन प्रवचनाला उभा राहिलो. विषय निर्मळपणाचा होता. मागच्या बाकावरची पोरं हसत होती.

माझं आणि मिसेस ट्रिमलेट यांचं लग्न ईस्टरनंतरच्या गुरुवारी ठरलं आहे. मिसेस ट्रिमलेट तुझी आठवण काढतात. त्यांच्या मते तुझी खोली उत्तरेकडची असल्यामुळे त्यांच्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांना अगदी योग्य आहे, रंग उडत नाहीत. एकंदर एकशे चार पक्षी आहेत. त्यामुळे तुझ्या ट्रंका मी माळ्यावर हलवल्या. तुझा प्रश्न तर देवानेच सोडवला आहे. युफिमियाला सोबत हवी, तुला छप्पर हवं. लोकांना एवढं सोपं उत्तर मिळत नाही.

आता कामाचं. कोशाच्या कचेरीतून ‘प्रॉप’ या शब्दाचं बोचकं आलं आहे, अर्थवार लावायचं. एकोणीस वर्षं आपण हे काम निष्ठेनं करत आलो, आता माघार बरी दिसणार नाही. तू चार दिवस येऊन लावून दे. स्वैपाकघरामागे बेट्सीच्या शेजारी खाट टाकता येईल. क्रेलच्या पत्रात बाकी विशेष काही नाही, नेहमीचं कौतुक.

यायचं जमत नसेल तर एवढं कळव. आपला शिक्का कुठे आहे? आणि कोरे कागद कुठे ठेवतेस? सबंध घरात एक सापडत नाही.

तुझा भाऊ,
लान्सलॉट

—

वेमथ
१२ फेब्रुवारी १८९७

प्रिय लान्स,

युफिमिया बरी आहे. तिला ऐकू येत नाही, म्हणून मी दिवसाला तीन तास तिला मोठ्यानं वाचून दाखवते. तिच्या कुत्र्याला ऐकू येतं, पण त्याला पुस्तकं आवडत नाहीत. काल मी वाचताना थांबले तर ती म्हणाली, “थांबू नकोस गं, तुझे ओठ हलले की बरं वाटतं.” माझं इथलं काम इतकंच आहे. तिला आणि कुत्र्याला औषधाचे थेंब द्यायचे आणि ओठ हलवायचे.

बोचकं लावायला मी येणार नाही. ज्या घरात माझ्या खोलीत एकशे चार मेलेले पक्षी राहणार आणि मला बेट्सीच्या शेजारी खाट मिळणार, त्या घरात मी पाहुणी म्हणून तरी कशाला यावं? रागानं लिहिते आहे असं तुला वाटेल. बरोबर आहे, रागानंच लिहिते आहे.

पण काम कसं करायचं ते सांगते, कारण काम बिघडलेलं मला बघवणार नाही. काठीपासून सुरुवात कर. परसात जा आणि मोडलेली काठी हातात घे. तिला वर बेचकं असतं, दोरी त्यात बसते. ती हेझलच्या झाडाची असते, ओढ्यापलीकडच्या, टोकाला बेचकं असलेलीच बघून तोडायची. दोरीवर चादरी फडफडतात तेव्हा लोक चादरी बघतात, काठी कोणी बघत नाही. हा पहिला अर्थ. दुसरा बागेतला. सप्टेंबरात सफरचंदांनी वाकलेल्या फांदीखाली देतात तो टेकू. आपल्या जुन्या झाडाला मी दर वर्षी देते, तू कधी पाहिला नसशील. तिसरा खाणीतला, तो चिठ्ठ्यांत मिळेल. हे तीन नीट लागले की मगच लाक्षणिक अर्थाला हात लाव. लाक्षणिक अर्थ कितीही ऐटदार असला तरी तो परसातल्या त्या काठीवरच उभा असतो. काठी काढलीस की सगळं खाली येईल.

लाक्षणिक अर्थाचं तुला माहीतच आहे. बाबांच्या अंत्यविधीला बिशपसाहेबांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, आता तूच या घराचा टेकू. तू चोवीस वर्षांचा होतास आणि तुला त्या दिवशी काळे मोजे सापडत नव्हते. ते मी शोधून दिले होते.

एकदाच विचारते, लान्स. त्या कचेरीला सांगशील का, की चिठ्ठ्या लिहिणारा हात माझा आहे? मला शाबासकी नको. पण मी त्रेपन्न वर्षांची आहे, घर नाही, आणि जे एक काम मला येतं त्यावर तुझ्या नावाचा शिक्का आहे. माझं नाव त्यांना कळलं तर कदाचित मला कुठे तरी खुर्ची मिळेल. नाही कळलं तर मी इथे ओठ हलवत म्हातारी होईन.

शिक्का तुझ्याच टेबलाच्या उजव्या खणात आहे. कोरे कागद जिन्याखालच्या कपाटात, खालून तिसऱ्या खणात, जॅमच्या बरण्यांमागे.

तुझी,
डॉर्कस

—

रेक्टरी, नेदर विकम
२६ फेब्रुवारी १८९७

प्रिय मि. क्रेल,

‘प्रॉप’ सोबत पाठवतो आहे. चर्चच्या कामातून सवड काढणं सोपं नव्हतं, पण शब्दांशी माझं नातं जुनं आहे.

आपल्या क्रमात मी थोडी सुधारणा केली आहे. ज्या शब्दाला माणसाच्या आत्म्यापर्यंत पोचता येतं त्याची ओळख धोबीघाटावर करून देणं मला पटलं नाही. म्हणून लाक्षणिक अर्थ आधी घेतला आहे. कपड्यांच्या दोरीची काठी मी वगळली आहे. ती वस्तू सभ्य घरात कोणाच्या नजरेस पडत नाही, मग कोशात तरी कशाला? खाणीतल्या चिठ्ठ्याही ओल्या आणि काळ्या होत्या, त्याही वगळल्या.

लाक्षणिक अर्थासाठी चांगली वाक्यं मिळेनात, म्हणून अकरा नवी मी स्वतः काढली आहेत. ती ‘सुगीचं प्रवचन’ या पुस्तिकेतून घेतली आहेत. लेखक मीच आहे, पण ते जमेस धरू नये. कोशात फक्त छापील वाक्यं घेतात हे मला ठाऊक आहे, म्हणून पुस्तिका मुद्दाम छापून घेतली. एक वाक्य विशेष पाहावं: ‘पाद्री हा गावाचा टेकू होय, गाव त्याच्यावर रेलतं आणि तो मात्र कोणावरही रेलत नाही.’ घरात कोरा कागद न मिळाल्यामुळे चिठ्ठ्या पाठकोऱ्या कागदावर आहेत. आपण पुढच्याच बाजूला लक्ष द्यावं.

रिकाम्या जागेबद्दल आपण विचारलंत. खेद वाटतो, पण माझ्या हाताखाली तसं कोणी नाही. माझी एक थोरली बहीण आहे, ती कधीकधी डिंक लावायला मदत करायची. पण तिला या विषयात गती नाही आणि प्रकृतीही नाजूक. सध्या ती समुद्रकिनारी विश्रांती घेते आहे.

प्रस्तावनेत माझ्या नावामागे ‘एम. ए.’ लावावं.

आपला,
लान्सलॉट पॉटिंजर

—

शब्दकोश कचेरी, ब्लूम्सबरी
३ मार्च १८९७

मिस डॉर्कस पॉटिंजर यांस,

तुमची माझी ओळख नाही आणि या पत्रात मी एक गुन्हा कबूल करणार आहे. मी तुमचं खासगी पत्र वाचलं.

घडलं ते असं. तुमच्या बंधूंकडून ‘प्रॉप’ परत आला. वरच्या अकरा चिठ्ठ्यांवरचं अक्षर मला अनोळखी होतं. मोठं, तिरपं, एका ओळीत चार शब्द मावतील असं. मजकुराबद्दल बोलत नाही. पुस्तिकेवर छपाईची तारीख आम्ही बोचकं पाठवल्यानंतरच्या पंधरवड्यातली होती आणि तिची शाई माझ्या बोटांना लागली. आमच्याकडे नियम आहे, चिठ्ठी दोन्ही बाजूंनी बघायची, कारण वाचक कधी पाठीवर टीप लिहितात. मी पहिली चिठ्ठी उलटली आणि एकोणीस वर्षं रोज सकाळी बघतो ते अक्षर समोर आलं.

त्यांनी तुमचं पत्र कापून त्याच्या चिठ्ठ्या केल्या होत्या.

एक तुकडा वाचून मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. अकराही तुकडे टेबलावर मांडून जुळवले. डॉक्टर मॅकअस्किल आत आले आणि ओरडले, “क्रेल, कामाच्या वेळी पत्त्यांचा डाव कसला मांडलाय?” मी म्हटलं, “वाचून बघा, डॉक्टर.” त्यांनी उभ्यानं वाचलं. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. शेवटी म्हणाले, “काठी, फांदी, खाण, मग माणूस. या बाईनं रागाच्या भरात अर्ध्या पानात जे लावून दिलंय त्याला तुला आठवडा लागला असता, क्रेल.” ते माझ्याबद्दल असं नेहमीच बोलतात, पण यावेळी खरं होतं.

शेवटच्या तुकड्यावर कोरे कागद जॅमच्या बरण्यांमागे आहेत असं लिहिलं आहे. ज्या पत्रात कोऱ्या कागदांची जागा सांगितली आहे तेच पत्र कागद नाही म्हणून कापलं गेलं. यावर कचेरीत जो हशा झाला त्याबद्दल माफी मागतो.

मधला एक तुकडा आमच्याकडे नाही. ‘एकदाच विचारते, लान्स’ इथे कागद संपतो. तुम्ही काय विचारलंत ते मला माहीत नाही आणि विचारण्याचा अधिकारही नाही. मला दोनच गोष्टी हव्या आहेत. ४ फेब्रुवारीला मी तुमच्या बंधूंना एका पगारी जागेबद्दल लिहिलं होतं, पुरुष किंवा बाई असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी ते तुम्हाला कळवलं का? नसेल कळवलं तर आता मी कळवतो. आणि दुसरं, अकरा हजार आठशे छप्पन्नपैकी त्यांच्या किती? सुरुवातीच्या चिठ्ठ्या आमच्या तळघरात पुरानं भिजल्या, अक्षर लागत नाही. प्रस्तावनेत खोटा आकडा छापणं आम्हाला परवडत नाही.

तुमचा,
हम्फ्री क्रेल

—

वेमथ
६ मार्च १८९७

मि. क्रेल यांस,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा युफिमियासमोर मोठ्यानं. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, “छान गोष्ट आहे. पुढे काय होतं?”

नाही. त्यांनी मला जागेबद्दल कळवलं नाही. ‘बाकी विशेष काही नाही’ असं लिहिलं होतं. ते वाक्य मी काल जुन्या पत्रातून काढून पाहिलं आणि मग बंदरावर जाऊन तासभर बसले. लान्स आळशी आहे, फुगीर आहे, हे मला त्याच्या पाचव्या वर्षापासून माहीत होतं. खोटं बोलतो हे माहीत नव्हतं. त्याची पत्रं मीच लिहीत आले, म्हणून कदाचित त्याला आजवर संधी मिळाली नसावी.

तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते. अठराशे अठ्ठ्याहत्तर साली वाचक पाहिजेत अशी तुमची जाहिरात आली. त्याच दिवशी त्यानं बाथला शिक्का करायला टाकला. शिक्का यायला तीन आठवडे लागले. तोवर त्यानं एकही चिठ्ठी लिहिली नाही, शिक्क्याशिवाय शोभणार नाही म्हणे. शिक्का आला आणि एका आठवड्यात त्यानं मधमाश्यांवरच्या एका पुस्तकातून चिठ्ठ्या काढल्या. मग त्याची मान आखडली. तुमच्याकडून पाच पुस्तकं येऊन पडली होती, परत पाठवणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, मान सुटेपर्यंत मी करते. ती अजून सुटलेली नाही.

त्याच्या चिठ्ठ्या चौदा. मी मोजल्या आहेत.

दोष सगळा त्याचा नाही. शिक्का दर वेळी मीच मारला. पहिली काही वर्षं मला वाटायचं, घराचं नाव होतंय. नंतर वाटायचं, आता सांगितलं तर इतकी वर्षं का गप्प होतीस म्हणतील. आणि पुढे तर त्या जांभळ्या नावाखाली मी इतकी निवांत झाले होते की माझं स्वतःचं नाव लिहायची वेळ आली की अक्षर बिघडायचं. या पत्राखालची सही बघा.

त्याला उघडं पाडू नका. आकडे छापा, पण शेरा मारू नका. आणि जागेबद्दल विचारायचं झालं तर कचेरीत शेगडी आहे का? मला संधिवात आहे. खिडकी कुठल्या दिशेला आहे? बाई खुर्चीत बसली तर बाकीचे उठून जातील का? हे नीट असेल तर मी येईन. नीट नसेल तरीही येईन, पण मग शाल जास्त आणावी लागेल.

‘प्रॉप’चं बोचकं कोणाला लावू देऊ नका.

डॉर्कस पॉटिंजर

—

तार. ब्लूम्सबरी, ८ मार्च १८९७

शेगडी आहे. खिडकी दक्षिणेला. उठून गेलं तर बरं होईल, जागा कमी आहे. बोचकं तुमच्या टेबलावर ठेवलं. क्रेल

—

रेक्टरी, नेदर विकम
११ ऑक्टोबर १८९९

प्रिय डॉर्कस,

अडीच वर्षांत हे माझं पहिलंच पत्र असेल. तू लग्नाला आली नाहीस आणि न विचारता लंडनला गेलीस, ते मी केव्हाच माफ केलं आहे. आज लिहिण्याचं कारण गंभीर आहे.

काल कोशाचा खंड आला. मी गावातल्या सहा प्रतिष्ठित मंडळींना चहाला बोलावलं होतं. व्हेनेशियानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, बिशपसाहेबांच्या सेक्रेटरींनाही बोलावलं. मी उभं राहून प्रस्तावना वाचायला घेतली. वाचकांची यादी आली. ‘मिस डी. पॉटिंजर, अकरा हजार आठशे बेचाळीस.’ मला वाटलं छपाईची चूक असावी. खालच्या ओळीत ‘रेव्हरंड एल. पॉटिंजर, एम. ए., चौदा.’

चौदा! डॉर्कस, मी ते मोठ्यानं वाचून बसलो होतो. सेक्रेटरी म्हणाले, “चौदा हजार असेल.” त्यांनी पुस्तक हातात घेऊन पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, “नाही. चौदाच.” बेट्सी चहाची किटली घेऊन दारात उभी होती, ती म्हणाली, “मला वाटलं त्याहून जास्तच आहेत की.” तिला मी काढून टाकणार होतो, पण मग कपडे कोण धुणार?

मग मी ‘प्रॉप’ काढला. पहिलाच अर्थ कपड्यांच्या दोरीची काठी! अर्धा स्तंभ भरून! माझ्या प्रवचनातलं एकही वाक्य नाही. पुस्तिकेच्या उरलेल्या दोनशे नव्वद प्रती पक्ष्यांच्या खोलीत पडून आहेत.

तू आता तिथे आहेस, तुझा शब्द चालतो. क्रेलला सांगून पुढच्या छपाईत आकडा दुरुस्त करून घे. पूर्ण नको, निम्मे निम्मे केले तरी मी समाधान मानीन. इतकी वर्षं छप्पर माझं होतं, शाई माझी होती, शिक्का माझा होता. भावासाठी एवढं करायला हरकत नसावी.

इथे बरं आहे. जुन्या सफरचंदाची मोठी फांदी फळांच्या भारानं गेल्या महिन्यात मोडून पडली. कारण कोणालाच कळलं नाही.

लान्सलॉट

ता. क. ताजा कलम या तुकड्यावर लिहितो आहे. कोरे कागद अजून सापडलेले नाहीत, हा टेबलाच्या खणात होता. मागे तुझंच काही जुनं लिहिलेलं आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

—

शब्दकोश कचेरी, ब्लूम्सबरी
१४ ऑक्टोबर १८९९

प्रिय लान्स,

मागच्या बाजूला लक्ष दिलं. आमच्याकडे तसा नियमच आहे. ‘एकदाच विचारते, लान्स’ याच्यापुढचं ते वाक्य होतं. मी विचारलेला प्रश्न अडीच वर्षांनी माझ्याकडे परत आला, उत्तर नसलेला, आणि पाठीवर तुझा ताजा कलम. मि. क्रेलनी तो तुकडा मागून घेतला आणि बाकीच्या अकरांबरोबर जोडून ठेवला. आता पत्र पुरं झालं. ते कोशात जाणार नाही, काळजी करू नकोस. ते छापील नाही.

मी बरी आहे. तू विचारलं नाहीस, पण सांगते. माझं टेबल खिडकीशी आहे. डॉक्टर मॅकअस्किल दिवसातून दोनदा माझ्यावर ओरडतात आणि चुकलं असलं तर माफी मागतात. मि. क्रेल दुपारी शेगडीवर पाव भाजतात आणि करपवतात. संध्याकाळी मी स्वतःच्या खोलीवर जाते. दारावर माझं नाव आहे. पहिले काही दिवस मी किल्ली लावायच्या आधी ते वाचत उभी राहायचे. घरमालकीण म्हणाली, “विसरता की काय हो?” मी म्हटलं, “नाही हो, सवय करतेय.”

‘प्रॉप’ मी लावला. काठीचा अर्धा स्तंभ माझा आहे, आणि तो मला आजवर लिहिलेल्या सगळ्याहून आवडतो. लाक्षणिक अर्थ चौथा आला. तुझी वाक्यं मी घेतली नाहीत. ती तारखेत बसत नव्हती हे खरं कारण, आणि ती खोटी होती हे दुसरं.

फांदीचं वाचून वाईट वाटलं. त्या झाडाखाली बाबांनी आपल्याला वाचायला शिकवलं होतं. सप्टेंबर लागताच बेचक्याची काठी खाली द्यायला हवी होती. कारण कोणालाच कळलं नाही असं तू लिहितोस. मी त्याचं कारण पत्रात लिहिलं होतं, तू ते कापलंस. उरलेल्या फांदीला आता तरी टेकू दे. हेझल ओढ्यापलीकडे आहे, बेट्सीला नकाशा काढून पाठवते.

आकड्याबद्दल. तुझी तक्रार मी मि. क्रेलना दाखवली. नियमाप्रमाणे त्यांना चूक कळली की दुरुस्त करावीच लागते, म्हणून त्यांनी मला विचारलं की चौदा हा आकडा बरोबर आहे ना. मी हो म्हटलं. लान्स, आयुष्यात मी या कोशाशी खोटं बोलले ते एवढंच.

तू तेरा लिहिल्या होत्यास. चौदावी लिहायच्या आधीच तुझी मान आखडली, आणि तू पलंगावरून म्हणालास, “एक राहिली गं, तेरा आकडा अशुभ असतो.” ती मी लिहिली. शिक्काही मीच मारला. ती मी परत मागणार नाही. राहू दे ती तुझ्याखाली, टेकूसारखी.

डॉर्कस